राजा नको, हक्क हवा!

२०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्याच्या जनतेने उदयनराजेंना पाडले. २०२० मध्ये ते राज्यसभेत! मत हरले, घराणे जिंकले.

संविधानाच्या कलम १८ ने किताब बंद केले, १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. आपल्या जिभेवरचे ‘महाराज’ मात्र गेले नाहीत.

कुणी म्हणेल, शाहूही राजेच होते. होते. पण त्यांनी १९०२ मध्ये मागासांना ५० टक्के जागा दिल्या, १९२० मध्ये माणगावात बाबासाहेबांना पुढे केले. म्हणून आपण त्यांना मानतो, गादीमुळे नाही.

कर्जत-खालापूरच्या तरुणांनो, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरातल्या वाड्यांसाठी सुरक्षित जागा मागताना कुणापुढे मुजरा करू नका. नागरिक म्हणून मागा!

जय भीम!