नकाशा आपणही काढू



भात झोडून झाल्यावर आपल्या भागातल्या एका पाड्यावर वनहक्क दाव्यांची बैठक झाली. बैठक उठता उठता एका बापाने विचारलं, "माझी पोरगी यंदा बारावीला आहे. गणित घेतलंय. ती म्हणते, पुढं नगररचना शिकायची, चार वर्षं. हे काय असतं? आणि शिकून ती आपली राहील का शहराची होईल?" कोणालाच नीट सांगता येईना. एक आजा म्हणाला, "नगर म्हंजे शहर. आपलं तिथं काय काम?" सगळे हसले आणि आपापल्या वाटेला लागले. पण त्या बापाला उत्तर मिळालं नाही. आम्हीही देऊ शकलो नाही, त्याची लाज वाटली. म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

नगररचना म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे आधी कागदावर ठरवणे. रस्ता कुठून जाईल, कारखाना कुठे बसेल, वस्ती कुठे वाढेल, पाणी कुठून येईल, हे सगळं त्यात येतं. आपल्या राज्यात हे काम 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. कायद्याच्या नावातच 'प्रादेशिक' शब्द आहे. म्हणजे तो शहराच्या वेशीवर थांबत नाही. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी तालुक्यांतली गावंही आहेत. समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या डोंगरातून गेला. अप्पर वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात आणि पाणी जातं मुंबईला. आजाने विचारलं, शहरात आपलं काय काम. आपण शहरात गेलो नाही तरी शहर आपल्याकडे कधीच आलेलं आहे.

योजनेच्या नकाशात रंग असतात. राहण्याची जागा पिवळी, कारखान्याची जांभळी, शेतीची आणि झाडीची हिरवी. आपण बहुतेक हिरव्यात असतो. त्या हिरव्यात नागलीचं वावर दिसत नाही, वरईचा माळ दिसत नाही, गुरांची वाट, झरा, गावदेव, मसणवटा काहीच दिसत नाही. रंग दिला की जागा रिकामी वाटते. आणि रिकामी जागा दिसली की कोणाला तरी तिथे काहीतरी बांधावंसं वाटतं.

कायद्यात हरकत घ्यायची सोय आहे. आराखडा जाहीर होतो, राजपत्रात आणि पेपरात सूचना येते, ठरलेल्या मुदतीत हरकत द्यायची असते. पण पाड्यावर पेपर येत नाही. आला तरी नकाशा वाचणारा नाही. खुंट्या ठोकायला माणसं येतात तेव्हा आपण जागे होतो. मग मोर्चा काढतो, रस्त्यावर बसतो. ते करायलाच पाहिजे. पण तोवर कागदावरचं ठरून गेलेलं असतं.

नकाशाचा मार आपण दाव्यांमध्येही खाल्ला आहे. मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली हजारो माणसं नाशिकहून मुंबईला पायी गेली. सुमारे 180 किलोमीटर, 6 तारखेला निघून 12 तारखेला पोहोचली. पाय फुटले. मागणी काय होती? कसतो ती जमीन नावावर करा. आमच्या एका गावातली गोष्ट सांगतो. मोजणीला आलेला माणूस सगळ्या बांधांवरून फिरलाच नाही. कसत होतो दोन एकर, कागदावर उतरले वीस गुंठे. आम्ही कचेरीत जाऊन भांडलो. साहेबाने नकाशा पुढे सरकवला आणि म्हणाला, "दाखवा, कुठं चुकलंय?" आमच्यातल्या एकालाही त्यावर बोट ठेवता आलं नाही. जमीन आमची, पायाखालची, तळहातासारखी माहीत असलेली. तरी आम्ही गप्प बसून परत आलो.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही तेव्हा आम्हाला नीट माहीत नव्हतं. उपग्रहाचं चित्र हा जोडपुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांच्या जागी तो धरायचा नाही, असं वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलेलं आहे. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. घर, बांध, जुनी झाडं हेही पुरावेच.

आता त्या पोरीच्या शिक्षणाबद्दल. या पदवीला बी. प्लॅनिंग म्हणतात. चार वर्षांची असते. त्यात जागेची पाहणी करणे, संगणकावर नकाशे तयार करणे, उपग्रहाचं चित्र वाचणे, लोकसंख्या, पाणी, वाहतूक आणि जमिनीचे कायदे हे शिकवतात. पुण्याला सीओईपीत आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या नियोजनाच्या सरकारी संस्थांमध्ये हे शिक्षण आहे. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्यासाठी जेईई मेनचा नियोजनाचा वेगळा पेपर द्यावा लागतो. बारावीला गणित पाहिजेच. इथेच आपली पोरं अडकतात. दहावी झाली की 'गणित आपल्याला जमत नाय' म्हणून सोडून देतात, आणि हा दरवाजा सोळाव्या वर्षीच बंद होतो.

पोरगी शहराची होईल का, हा बापाचा प्रश्न खोटा नाही. शिकून गेलेले काही परतले नाहीत. त्या वर्गात जमीन म्हणजे प्लॉट, जंगल म्हणजे मोकळी जागा, असंच चारी बाजूंनी ऐकू येणार. पण परत न येण्याचा सगळा दोष पोरांना देऊ नका. आपण त्यांना सत्काराला बोलावतो, नारळ देतो, काम देत नाही. उद्या ती नगररचना खात्यात नोकरीला लागली तरी वाईट काय? त्या टेबलावर पाडा म्हणजे काय हे माहीत असलेलं एक तरी माणूस बसेल.

मात्र एका पोरीच्या पदवीवर चळवळ सोडून द्यायची नाही. शिकलेला माणूस ग्रामसभेच्या डोक्यावर बसता कामा नये. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट चालत होते. बाहेरचा जाणकार माहिती सांगायचा, निर्णय गाव घ्यायचं. आपणही तसंच करू. जमिनीची ओळख म्हाताऱ्यांकडे आहे, नकाशाची भाषा पोरांनी शिकायची, आणि ठरवायचं ग्रामसभेने.

म्हणून आमची विनंती. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गावाने शिवारफेरी करावी. म्हातारे, बाया, गुराखी पोरं सगळ्यांनी मिळून नजरी नकाशा काढावा. झरे, वाटा, देव, वावरं यांची नावं आपल्या बोलीत लिहावी आणि खाली सह्या-अंगठे घ्यावेत. दहावीच्या पोरा-पोरींनी गणित सोडू नये. जात पडताळणीचा कागद आत्ताच करून घ्यावा, ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ नको. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी 'स्वयं' योजना आहे. पैसे रखडले तर आदिवासी विकासाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे, आपण मिळून जाऊ.

आणि दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पोरीला पाठवा. जाण्याआधी तिला एकदा सगळ्या शिवारातून फिरवून आणा, आजालाही बरोबर घ्या. सुट्टीत आली की पहिलं काम आमचं. त्या वीस गुंठ्यांचा नकाशा आम्ही जपून ठेवला आहे. कुठं चुकलंय, ते तिच्याबरोबर बसून शोधू आणि पुन्हा त्याच कचेरीत जाऊ.

जिंदाबाद!