रहबामाचे तीन दिवस

शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा 41 वर्षांचा होता, म्हणजे पोरवय नव्हतं. शखेमला जमलेल्या लोकांचं मागणं साधं होतं: वडिलांच्या काळातली वेठबिगार आणि जाच थोडा हलका करावा. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागून घेतली. पुढे राज्य फुटलं, आणि त्याने कुणाचा सल्ला घेतला नाही म्हणून ते फुटलं असं आपण मुलांना सांगतो. बायबलमधल्या पहिला राजे या पुस्तकाचा बारावा अध्याय नीट वाचला की वेगळंच दिसतं. त्याने सल्ला घेतला, तोही दोनदा. बापाच्या दरबारात वावरलेल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की आज लोकांपुढे नमतं घे, गोड बोल, ते कायमचे तुझे होतील. हा सल्ला त्याने आधी बाजूला सारला आणि मग आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या सोबत्यांकडे गेला. त्यांनी त्याला हवं होतं तेच सांगितलं: बापापेक्षा कडक हो. दहा वंश निघून गेले. वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम दगडांच्या माऱ्यात मेला आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. नंतर 1,80,000 माणसं जमवून तो लढायला निघाला, तेव्हा शमाया या संदेष्ट्याचं ऐकून परत फिरला. तेव्हा त्याने ऐकलं खरं, पण तोवर वेळ गेली होती.

मी वसईतली निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर आमच्या धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळावर होते, एका पतपेढीच्या संचालक मंडळावरही बसले. रहबामाचे ते तीन दिवस मला दोन्हीकडे भेटले. पतपेढीत विषयपत्रिका हातात पडायची ती सभेच्या टेबलावरच. ठराव आधीच टाइप केलेला, खाली सूचक-अनुमोदकांची नावंसुद्धा भरलेली. अध्यक्ष विचारायचे, ‘कुणाला काही बोलायचंय?’ आणि त्याच दमात चहा आणायला सांगायचे. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’. याला सल्लामसलत म्हणणं म्हणजे सभासदांची फसवणूक आहे, मग ती सभा प्रार्थनेने सुरू झालेली का असेना.

याच्या उलट मी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पाहिलं. चर्चच्या मागे एक जुनं बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं उघडं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राखतं. पूर्वी त्यावर रहाट चालायचे, आता बावखलांवर इमारती उभ्या राहतात. लग्नसराईत गाड्या लावायला जागा पुरेना, म्हणून आमचं बावखल बुजवायचा प्रस्ताव आला. देणगीदार तयार होता, इंजिनिअरने नकाशाही काढला होता. त्या वेळचे प्रमुख धर्मगुरू वयाने लहान होते. त्यांनी नकाशा उलगडलाच नाही, कपाटावर ठेवून दिला आणि विचारायला सुरुवात केली ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीपासून.

त्या खुर्चीवर बाजारात केळी आणि भाजी विकणारी एक बाई बसली होती. दोन वर्षांत सभेत तिने तोंड उघडलं नव्हतं. तिने विचारलं, आमच्या आळीचं पावसाचं सगळं पाणी याच बावखलात उतरतं, उद्या ते कुठे जायचं? इंजिनिअर नकाशाकडे पाहू लागला तर नकाशा कपाटावर. फादरांनी विषय पावसाळ्यापर्यंत लांबवला आणि जुलैत छत्री घेऊन स्वतः आळीत जाऊन उभे राहिले. बावखल आजही आहे. लग्नाच्या दिवशी गाड्या शाळेच्या मैदानात लागतात. नकाशा आधी टेबलावर पसरला असता तर ती बाई बोलली नसती, याची मला खात्री आहे. शिकलेल्या माणसाने रेघा मारून आणलेल्या कागदापुढे आमच्याकडची बाई गप्पच बसते.

ख्रिस्ती परंपरेत ही रीत नवी नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडे करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने थांबवलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर विश्वासू माणसं नेमायला सांगितलं. इथ्रो मिद्यानी याजक होता, म्हणजे परका. देवाशी बोलणाऱ्या मोशेने परक्याचं ऐकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमांत लिहून ठेवलं की महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण बऱ्याचदा देव सर्वांत धाकट्यालाच योग्य ते सुचवतो. निर्णय मात्र मठाधिपतीचाच. हेही मला पटतं. सल्ला घेणं म्हणजे हात वर करून मतं मोजणं नव्हे. शेवटी एकाला ठरवावं लागतं आणि त्याचा भार उचलावा लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर महिन्याभरात आठ कार्डिनलांचं सल्लागार मंडळ नेमलं. त्यात मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस होते. 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मसभेत, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती एकत्र बसले, मध्ये मध्ये शांत राहून ऐकत राहिले. स्त्रियांनी तिथे प्रथमच मतदान केलं. त्याच सिनडच्या 2024 च्या अंतिम दस्तऐवजात पाळकीय मंडळं सक्तीची करावीत अशी मागणी आहे. ती का करावी लागली? कारण 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेत धर्मग्रामाची अर्थ समिती सक्तीची आहे आणि पाळकीय मंडळ बिशपांना योग्य वाटलं तर. पैशाबाबत विचारायलाच हवं आणि माणसांबाबत विचारलं तर विचारलं, ही विषमता आता जायला हवी.

पण कायदा बदलायची वाट पाहायचं कारण नाही. धर्मगुरूंना, पास्टरांना, ट्रस्टच्या आणि पतपेढ्यांच्या अध्यक्षांना माझी कळकळीची विनंती आहे. विषयपत्रिका आठ दिवस आधी घरी पाठवा. कंत्राट देण्याआधी सभा घ्या. विरोधी मत इतिवृत्तात नावानिशी लिहा. आणि पुढच्या सभेत पहिला प्रश्न दाराजवळच्या खुर्चीला विचारा.