खळग्यापासून मागे

साहित्याच्या अभ्यासकाने गोल्फविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण अध्यापनाविषयी मला सर्वाधिक शहाणपण सापडले ते एका गोल्फ-प्रशिक्षकाच्या पुस्तकात. हार्वी पेनिक (१९०४–१९९५) हे टेक्सासमधील ऑस्टिन कंट्री क्लबात लहानपणी कॅडी म्हणून लागले आणि १९२३ ते १९७१ या काळात तेथील मुख्य प्रशिक्षक होते. शिकवताना सुचलेल्या गोष्टी ते एका लाल वहीत टिपून ठेवीत. कित्येक दशकांनी, १९९२ मध्ये, बड श्रेक यांच्या साहाय्याने त्या वहीचे 'लिट्ल रेड बुक' झाले.

पेनिक यांचा आग्रह असा की, गोल्फ खळग्यापासून मागे शिकत यावे. आधी हिरवळीवरचे पटिंग, मग हिरवळीच्या कडेवरून मारायचा चिप, आणि लांब फटका सर्वांत शेवटी. नवशिक्याला मात्र आधी ड्रायव्हर हवा असतो. चेंडू दूर गेलेला दिसतो आणि पाहणारेही थक्क होतात. वास्तविक बहात्तर फटक्यांच्या पार-मैदानावर अठरा खळग्यांना प्रत्येकी दोन, म्हणजे छत्तीस फटके पटिंगचेच धरलेले असतात. निम्मा खेळ तिथे आहे; सराव मात्र तिथे सर्वांत कमी होतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. पेनिक एका वेळी एकच दुरुस्ती सांगत, तीही थोडक्यात. कारण औषधाची एक गोळी सांगितली तर शिष्य अख्खी बाटली रिचवतो, हे त्यांना ठाऊक होते. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे त्यांचे दोन थोर शिष्य. काइट कष्टाळू, क्रेनशॉ उपजत हाताचा. दोघांना त्यांनी एका साच्यात घातले नाही. मार्च १९९५ च्या अखेरीस अंथरुणाला खिळलेल्या पेनिक यांनी क्रेनशॉला पटिंगचा शेवटचा धडा दिला. २ एप्रिलला ते गेले. ५ एप्रिलला दोन्ही शिष्यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला आणि ९ एप्रिलला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, क्रेनशॉने मास्टर्स जिंकली. यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. बालवयापासून गिरवलेले गुरूचे चार शब्द त्या आठवड्यात कामी आले, एवढेच.

यावर आक्षेप घेता येईल. स्पेनमधील पेद्रेन्या गावचे सेवे बायेस्तेरोस लहानपणी एकाच तीन-आयर्नने समुद्रकिनाऱ्यावर चेंडू मारीत शिकले, आणि हिरवळीभोवतीच्या त्यांच्या करामतींना तोड नव्हती. मग प्रशिक्षक कशाला? पण असे बायेस्तेरोस किती? शिवाय वाळू हाही एक कठोर शिक्षकच असतो. चूक झाली की तो तत्काळ दाखवतो, आणि भाषण देत नाही.

आपल्या साहित्यशिक्षणात नेमके उलटे घडते. पहिल्याच वर्षी आपण विद्यार्थ्याला आस्वाद, संप्रदाय आणि सिद्धान्त यांचा ड्रायव्हर देतो. 'आधुनिकता आणि मराठी कादंबरी' यावर तो वीस पाने लिहितो. पण एका कवितेतील एक क्रियापद तिथे का आले, हे दोन नेटक्या वाक्यांत सांगताना अडखळतो. आपण त्याचा निबंध लाल शाईने भरून टाकतो, म्हणजे अख्खी बाटली पाजतो. आणि ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहून घेत नाही. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाचा हात पाहणे शक्य नाही, ही अडचण खरी आहे. पण आठवड्याला एक परिच्छेद, त्यावर एकच शेरा आणि त्याच परिच्छेदाचे पुनर्लेखन, एवढे तरी अशक्य नसावे.

प्रतिभा शिकवता येते का, हा वाद आपण आवडीने घालतो. तो लांब पल्ल्याचा प्रश्न आहे. शेवटचे तीन हात मात्र निश्चित शिकवता येतात, आणि बहुतेक लेखन तिथेच फसते.