लॅपटॉप घ्यायचाच, पण डोळे उघडे ठेवून!

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की गेली काही वर्षे आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो. लॅपटॉप कोणता घ्यायचा आणि पैसे कुठून आणायचे? पूर्वी हा प्रश्न वह्या-पुस्तकांचा होता, मग क्लासच्या फीचा झाला, आता तो लॅपटॉपवर येऊन ठेपला आहे. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, शिष्यवृत्तीचा अर्जही कसाबसा भरता येतो. पण वीस पानांचा प्रकल्प मोबाइलवर लिहिता येत नाही, टॅली शिकता येत नाही, प्रोग्रामिंग तर नाहीच नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. तो काही अंगठ्याने येत नाही. त्यामुळे लॅपटॉप ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत बसणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या घरात ही वस्तू एकदाच येणार आहे, त्या घराने ती फसगत न होता कशी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

आम्ही राहतो त्या ऐरोलीचेच उदाहरण घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी रसायनांचे कारखाने होते. त्यातले अनेक बंद पडले आणि त्याच पट्ट्यात माइंडस्पेससारखी आयटी पार्क आली, डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. रोज सकाळी ऐरोली स्टेशनात उतरणाऱ्या गर्दीत दर दुसऱ्या पाठीवर लॅपटॉपची बॅग असते. त्याच कंपन्यांच्या गेटवर उभा असलेला, आलेल्या-गेलेल्या लॅपटॉपचे क्रमांक वहीत टिपून ठेवणारा सुरक्षारक्षक मात्र दिघा, चिंचपाडा, रबाळ्याच्या वस्तीत राहतो आणि त्याच्या घरात लॅपटॉप नसतो. आतली साफसफाई करणाऱ्या भगिनीची कथाही हीच. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरी भागातील २३.४ टक्के आणि ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. नंतर कोरोना आला, वर्ग बंद झाले आणि या आकड्यांचा अर्थ सर्वांना कळला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एका नामांकित महाविद्यालयात शिकणाऱ्या तेलंगणाच्या गुणवान विद्यार्थिनीने आत्महत्या केली. वडील मोटारसायकल दुरुस्त करणारे. घरची ओढाताण, रखडलेली शिष्यवृत्ती आणि लॅपटॉप नसणे, ही तेव्हा पुढे आलेली कारणे होती. एका यंत्राअभावी एवढे घडू शकते, हे ज्याला समजले त्याला या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

गरिबांसाठी स्वस्त लॅपटॉप ही घोषणा काही नवी नाही. अमेरिकेचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. भारत सरकारने २००६ मध्ये त्यात पडण्यास नकार दिला, तरी २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराटच्या चिमुकल्या शाळेत या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुले हरखली; पण १०० डॉलरची किंमत कधी प्रत्यक्षात आली नाही, ती २०० डॉलरच्या घरातच राहिली आणि देशभर हा प्रयोग पोहोचला नाही. मग ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब आणला. पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाने दाबून दाबून चालवावा लागे. काही वर्षांत ती योजनाही विरली. जुलै २०२३ मध्ये १६ हजार ४९९ रुपयांचा जिओबुक बाजारात आला. टंकलेखन, वाचन, व्हिडिओ यासाठी तो ठीक. पण त्यावर विंडोज नाही. म्हणजे कॉमर्सच्या मुलाची टॅली किंवा इंजिनीअरिंगच्या मुलीचे ऑटोकॅड त्यावर बसवता येत नाही. वर्गातल्या इतर मुलांच्या यंत्रावर जे चालते ते आपल्या मुलाच्या यंत्रावर चालत नाही, अशी ही स्वस्ताई. वेगळी कपबशी आपल्या आधीच्या पिढ्यांनी नाकारली. मग हा वेगळा संगणक आपण का स्वीकारावा?

तेव्हा पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी काम ठरवा. महाविद्यालयात विचारा, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना विचारा की तीन-चार वर्षांत कोणती सॉफ्टवेअर लागणार आहेत. कला, विधी, कॉमर्स आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला भारी यंत्र लागत नाही. वेगळे ग्राफिक कार्ड लागते ते थ्री-डी डिझाइन, व्हिडिओ संपादन अशा मोजक्या अभ्यासक्रमांना. बाकीच्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. रॅम निदान ८ जीबी आणि शक्य तर पुढे वाढवता येण्याजोगी. साठवणीसाठी एसएसडी, निदान २५६ जीबी. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नको. आणि प्रोसेसर इंटेलचा आय-३ किंवा एएमडीचा रायझन-३ या दर्जाच्या खाली नको. स्वस्त म्हणून मिळणारे सेलेरॉन प्रोसेसरचे नवे यंत्र पहिल्या वर्षी चालते, तिसऱ्या वर्षी मुलाला रडवते. दिव्यांची झगमग असलेला कीबोर्ड आणि फुकटची बॅग, यांचा शिक्षणाशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नवाच हवा हा हट्ट सोडा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. ते व्यापाऱ्यांकडे जातात, साफसूफ होऊन, भाग बदलून पुन्हा विक्रीला येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही यंत्रे मुळात कार्यालयातल्या रोजच्या वापरासाठी बांधलेली असतात. त्यांचे सुटे भाग मिळतात, अनेक मॉडेलमध्ये रॅम वाढवता येते, आणि अशी मजबूत यंत्रे नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत मिळू शकतात. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, हा व्यवसाय वर्षानुवर्षे चालतो. आता ठाणे, वाशीतही अशी दुकाने आहेत.

मात्र इथेच फसवणूकही आहे. ‘आय-फाइव्ह आहे साहेब’ एवढ्यावर पैसे काढू नका. कितव्या पिढीचा आय-फाइव्ह, हे विचारा. प्रोसेसरच्या नावात ६३०० असेल तर तो सहाव्या पिढीचा, ८२५० असेल तर आठव्या, ११३५ असेल तर अकराव्या. हा फरक आज फार मोठा झाला आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे त्यामुळे बाजारात मोठ्या प्रमाणात येणार आणि नेमकी आपल्याच माणसांच्या गळ्यात मारली जाणार. ज्याचे काम केवळ वाचन-लेखनाचे आहे त्याने असे यंत्र अगदी कमी किमतीत घेऊन त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली व लिब्रे ऑफिस बसवायला हरकत नाही. युनिकोड मराठी त्यावर उत्तम चालते. पण हे समजून-उमजून व्हावे, फसून नव्हे.

दुकानात अर्धा तास काढा. प्रत्येक कळ दाबून पाहा. बिजागरी सैल आहे का, पडद्यावर डाग आहेत का, कॅमेरा व वायफाय चालतात का, ते पाहा. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, याचा अहवाल विंडोजमधूनच निघतो. तो काढायला लावा. यंत्र नव्याने सुरू करून इंटरनेटला जोडा. त्यावर एखाद्या कंपनीचे लॉगिन मागितले गेले, तर ते यंत्र कंपनीच्या ताब्यातून रीतसर सुटलेले नाही असे समजा आणि उठून या.

आता वकील म्हणून चार शब्द. बिलाशिवाय लॅपटॉप घेऊ नका, मग दुकानदार १८ टक्के जीएसटी वाचवून देण्याचे कितीही आमिष दाखवो. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. तळाशी छापलेला नंबर आणि यंत्र सुरू केल्यावर दिसणारा नंबर एकच आहे ना, ते जुळवा. गेटवर रोज शेकडो नंबर टिपणाऱ्या आपल्या सुरक्षारक्षक बांधवाला हे काम अवघड नाही. स्वतःच्या मुलासाठी ते एकदा करायचे आहे. यंत्र चोरीचे निघाले तर ते जप्त होतेच, शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून घेतला असा आरोप आला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगा निर्दोष सुटेलही, पण बिल नसेल तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याची उमेदीची वर्षे जातील. आपल्या वस्तीतल्या पोरांवर संशय किती लवकर घेतला जातो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ पाहून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करावा. पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच सरळ येतात.

त्याहून मोठा सापळा हप्त्याचा. ‘बिनव्याजी हप्ते’ नावाची वस्तू जगात नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. समजा, रोखीने ३७ हजारांत मिळणारा लॅपटॉप १२ हप्त्यांत ४० हजारांना दिला. सोडावी लागलेली तीन हजारांची सूट हेच व्याज, आणि हिशोब केला तर ते वर्षाला सुमारे १५ टक्के पडते. वर प्रोसेसिंग फी, विमा. म्हणून कर्ज घ्यावेच लागले तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे आणि वर्षाचा एकूण खरा दर त्यात लिहावा लागतो. तीन हप्ते चुकले तर बापाच्या नावावर डाग लागतो आणि पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी बँक तोच डाग दाखवते. मोबाइल ॲपवरून मिळणाऱ्या झटपट कर्जाच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

पण सगळी शहाणीव गरीब खरेदीदारानेच दाखवायची आणि शासनाने हात झटकायचे, हेही आम्हाला मान्य नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. तिच्या सुधारित नियमांत पहिल्या वर्षी ८६ हजार आणि नंतर दरवर्षी ४१ हजार रुपये भत्ता असून त्यात लॅपटॉपचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे लॅपटॉप हा शिक्षणाचा आवश्यक खर्च आहे, हे सरकारने तत्त्वतः मान्य केलेले आहे. मात्र ही योजना निवडक नामांकित संस्थांपुरती. आपली बहुसंख्य मुले ज्या साध्या महाविद्यालयांत शिकतात, तिथे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा निर्वाहभत्ता २०२१ च्या दरांनुसार घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये. एवढ्यात लॅपटॉपची बॅटरी येईल, लॅपटॉप येणार नाही. आयआयटीतल्या मुलाला लॅपटॉप लागतो आणि ऐरोलीतून रोज लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलाला लागत नाही काय? तामिळनाडूने २०११ पासून सरकारी व अनुदानित शाळांतल्या लाखो विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. महाराष्ट्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एकवेळचा संगणक भत्ता जोडावा आणि नवी मुंबई महानगरपालिकेने आपल्या शिष्यवृत्ती योजनेत त्याची भर घालावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी करावी.

शासन जागे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. लॅपटॉपच्या किमती उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. ऐरोलीत डेटा सेंटर उभे राहते आणि त्याच धंद्याच्या भुकेपायी ऐरोलीतल्या पोराचा लॅपटॉप महागतो, असा हा व्यवहार आहे. अशा वेळी एकट्याने घेतलेल्या लॅपटॉपपेक्षा दहा जणांनी मिळून घेतलेले दहा लॅपटॉप स्वस्त आणि खात्रीचे पडतात. आयटीत काम करणारी आपली मुले-मुली आज ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेत आहेत. त्यांनी जून-जुलैच्या रविवारी दोन तास काढून पालकांबरोबर दुकानात जावे. जयंती मंडळांनी डीजेच्या बजेटातून एक भाग बाजूला काढून विहारात पाच लॅपटॉप ठेवावेत आणि वह्यांप्रमाणे नोंद करून विद्यार्थ्यांना वापरायला द्यावेत. आयटी पार्कमधल्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सामाजिक खर्च करावा लागतो आणि शिक्षण त्यात बसते. बदललेले लॅपटॉप नोंदणीकृत संस्थांमार्फत वस्तीतल्या विद्यार्थ्यांना द्या, असे निवेदन त्यांच्या दारात न्यावे.

बाबासाहेबांच्या नावाचे भव्य स्मारक आणि ग्रंथालय ऐरोलीत उभे आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ग्रंथ खरेदी केले, कारण शिक्षणाचे साधन दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहता कामा नये, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या मुलांच्या हातात तेच साधन आज वेगळ्या रूपात द्यायचे आहे. ते पारखून द्या, बिल घेऊन द्या, कर्जाचा फास न लावून घेता द्या. येत्या रविवारी विहारात बैठक घ्या, कोणत्या घरी लॅपटॉप लागणार आहे त्याची यादी करा. सुरुवात तिथून होईल.

जयभीम!