व्हीलचेअर मिळते, पण फिजिओचा पगार कोण देणार?
पळस्पे फाट्यावरून दिसणारा दिव्यांग सेवेचा हिशोब

मुंबईहून निघालेल्या बहुतेकांना पळस्पे माहीत असतं ते फाटा म्हणून. जुना पुणे रस्ता एकीकडे, गोव्याचा रस्ता दुसरीकडे आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनर तिसरीकडे. कोकणातल्या आपल्या लोकांनी तर पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाची इतकी वर्षं वाट पाहिली की गावाचं नाव तोंडपाठ झालं. पण फाट्याच्या आत एक गाव आहे. त्या गावात, आणि आजूबाजूच्या कुठल्याही गावात, एखाद्या घरी सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल, तर त्या घराचा रोजचा दिवस कसा जातो?

आधी पत्त्याची गोष्ट. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांचं शिक्षण, थेरपी, प्रशिक्षण तिथे होतं आणि ते महापालिकेच्या तिजोरीतून चालतं. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, त्यात २९ गावं गेली. पळस्पे त्यात नाही, तिथे ग्रामपंचायत आहे. म्हणजे दोन मुलांचं अपंगत्व अगदी सारखं असलं, तरी एकाच्या मागे महापालिकेचं बजेट उभं राहतं आणि दुसऱ्याच्या मागे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतला एक हिस्सा. पळस्प्याच्या आईने मुलाला कडेवर घेऊन आधी पनवेल गाठायचं. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, तिथे एक खेप. ऐकू येत नसेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था. पायाला कॅलिपर हवं असेल तर हाजीअलीचं पुनर्वसन रुग्णालय. जिल्हा रुग्णालय अलिबागला. मूल ४ वर्षांचं असतं तेव्हा हे जमतं. ते १४ वर्षांचं आणि ३५ किलोचं झालं की खेपा थांबतात. थेरपी सुटण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की आईची कंबर गेलेली असते.

म्हणूनच जवळचं केंद्र लागतं. समाजाच्या संस्थेने, चार डॉक्टर-शिक्षकांनी आणि एखाद्या जमातीने मिळून चालवलेलं, दोन-तीन खोल्यांचं. अशा केंद्रात एक दिवस बसून पाहावं. सकाळी साडेनऊला व्हॅन येते. ड्रायव्हर आणि खाला (मुलं सेविकेला हेच म्हणतात) मिळून मुलांना उतरवतात. पहिला तास शी-शू, कपडे बदलणं, रात्री फिट आली होती का हे आईला विचारणं, यातच जातो. मग फिजिओथेरपिस्ट एकेका मुलाचे आखडलेले स्नायू ताणतो. मूल रडतं, त्याला थांबून चालत नाही. शेजारच्या खोलीत विशेष शिक्षिका शर्टाचं एक बटण लावायला शिकवत असते. तेच बटण, गेले चार महिने. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येते. दुपारचं जेवण म्हणजे सगळ्यात कठीण काम, कारण गिळायला त्रास असलेल्या मुलाला घास चुकीचा गेला तर जीवावर बेतू शकतं. बाहेर ओट्यावर दोन-तीन अम्मी बसलेल्या असतात. घरी जाऊन परत यायचं तर रिक्षाचं भाडं दुप्पट होतं, म्हणून त्या इथेच मटार सोलतात.

या सगळ्यात वस्तू किती दिसल्या? व्हॅन, गाद्या, दोन खुर्च्या. बाकी सगळी माणसं आहेत. दिव्यांग सेवा म्हणजे मुळात माणसाचे हात, आणि हातांना दर महिन्याच्या १ तारखेला पगार लागतो. आपल्याकडचा पैसा, सरकारचा असो, कंपन्यांचा असो की समाजाचा, नेमका इथे अडतो.

साधा हिशोब मांडून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, आपल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा ३० मुलं आहेत. चार विशेष शिक्षक, प्रत्येकी २० हजार, म्हणजे ८० हजार. फिजिओ २५ हजार. स्पीच थेरपिस्टच्या महिन्यातल्या आठ फेऱ्या, १२ हजार. तीन सेविका, ३६ हजार. ड्रायव्हर आणि डिझेल ३५ हजार. भाडं-वीज ३० हजार. विमानतळामुळे पनवेल तालुक्यात भाडी कुठे चालली आहेत हे सांगायला नको. जेवण, डायपर, साफसफाई १२ हजार. झाले २ लाख ३० हजार, म्हणजे एका मुलामागे महिन्याला साडेसात हजारांच्या वर. आता फी. दहा घरं दोन-दोन हजार देतील, दहा पाच-पाचशे, उरलेली दहा काहीच देऊ शकणार नाहीत. जमा २५ हजार. तूट २ लाख ५ हजार. दर महिन्याला.

सरकार काही करत नाही असं म्हणणं चुकीचं होईल. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत अशा केंद्राच्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं आणि त्यात मानधनही बसतं. पण अर्ज करणाऱ्या संस्थेने आधी किमान दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं, शिवाय अनुदान हप्त्याने आणि तपासणीनंतर येतं. तोवर केंद्र कोणी चालवायचं? २०२५-२६ च्या बजेटमध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाला १,२७५ कोटी मिळाले. एकूण बजेट साधारण ५०.६५ लाख कोटींचं. शंभर रुपयांत अडीच पैसे. आणि ज्या गणतीवर योजना आखल्या जातात ती २०११ ची आहे, तेव्हा महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, तो कायदा या गणतीनंतरचा.

घराला थेट मिळणारी मदत म्हणजे संजय गांधी निराधार योजना. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच. पण या योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं ५० हजार राहिली. म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. कंटेनरवर क्लीनर म्हणून जाणारा बापही त्याहून जास्त कमावतो, म्हणून त्याचं घर मर्यादेबाहेर. खाजगी थेरपी परवडत नाही आणि सरकारी कागदावर ते गरीबही ठरत नाही. आपल्या मोहल्ल्यातली बहुतेक घरं याच मधल्या पट्टीत आहेत.

ॲडिप योजनेच्या शिबिरात व्हीलचेअर, तीनचाकी, श्रवणयंत्र मिळतं, आणि ही चांगली योजना आहे. कंपन्यांनाही नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात; तळोजा, पाताळगंगा, रसायनी असा कारखान्यांचा पट्टा इथून जवळ आहे. पण कंपनीला व्हॅन द्यायला आवडतं. व्हॅनवर नाव लिहिता येतं, फोटो निघतो. ड्रायव्हरच्या पगारावर नाव लिहिता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. जकातीचा पैसा आपल्या समाजात कमी नाही. रमजानमध्ये पनवेल, तळोजा, उरण, पेणच्या मोहल्ल्यांतून तो निघतो, आखातातूनही येतो. मग केंद्राचे पगार त्यातून का देऊ नयेत? इथे फिकहचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे आणि उत्तरेकडून आलेले बहुतांश हनफी. तपशिलात फरक आहेत, पण गरिबाची जकात त्या गरिबाच्या मालकीची व्हावी हा आग्रह दोन्हीकडे आहे. इमारतीला किंवा शिक्षकाच्या पगाराला थेट जकात लावायला बहुतेक उलेमा मान्यता देत नाहीत. काही आधुनिक विद्वान ‘फी सबीलिल्लाह’चा अर्थ व्यापक घेतात. पण एक वाट सरळ आहे. जे घर जकातीला पात्र आहे, त्याच्या हातात जकात द्यावी आणि त्या घराने त्यातून केंद्राची फी भरावी. आपल्या मशिदीच्या आलिमांना विचारून हे लिहून घ्यावं. असं झालं तर वरच्या हिशोबातल्या शेवटच्या दहा घरांची फी शून्य राहणार नाही.

तरीही जकात पुरणार नाही, आणि त्याचं कारण फक्त रकमेचं नाही. पळस्प्याजवळच्या केंद्रात आगरी घरातलं मूल येईल, कातकरी वाडीतलं येईल. यायलाच हवं. त्यांच्यासाठी जकात लावता येत नाही असं बहुसंख्य उलेमांचं मत आहे, पण नफली सदका आणि लिल्लाह लावता येतो. इथे कायदाही तेच सांगतो. एखादा धर्मादाय ट्रस्ट एकाच धार्मिक समुदायाच्या फायद्यासाठी काढला असेल, तर प्राप्तिकरातली सूट त्याला मिळत नाही. ट्रस्टच्या कागदावर कोणीतरी प्रेमापोटी ‘मुस्लिम मुलांसाठी’ असे दोन शब्द लिहितं आणि पुढे करसवलत, ८०जी, सीएसआर सगळंच अडकतं. डीड करताना वकिलाला हा मुद्दा आधी विचारावा.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दुबई-कुवेतला नोकरी करणारा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि बँकेतून स्वतःच्या बचतीचे पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण इंग्लंड किंवा दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चाचांनी पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरतात, ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने ते घेतले तर गुन्हा होतो. नियत कितीही साफ असो.

नोंदणीचा विषय निघाला म्हणून कळंबोलीची आठवण काढावी लागते. २०११ मध्ये याच तालुक्यात, कळंबोलीच्या एका आश्रयगृहात दिव्यांग मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली गेली. ज्या मुली बोलून सांगू शकत नव्हत्या, त्यांच्याबाबतीत हे घडलं. त्यामुळे ‘आपली माणसं आहेत, कागद कशाला’ हे वाक्य दिव्यांगांच्या केंद्रात कोणी उच्चारूच नये. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. आई-बापांना कधीही, न सांगता, आत येता आलं पाहिजे. ओट्यावर बसलेल्या त्या अम्मी फक्त रिक्षाचं भाडं वाचवत नाहीत.

राहतो वेळेचा प्रश्न. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो आर्थिक वर्षाच्या शेवटाजवळ येतो, सरकारी हप्त्यांची घाईही तेव्हाच असते. मग जून ते सप्टेंबर कोरडे जातात. नेमक्या पावसात मुलांना सर्दी, न्यूमोनिया, फिट्स जास्त असतात आणि त्याच वेळी पगार थकतात. विशेष शिक्षिका दोन महिने थांबते, तिसऱ्या महिन्यात मुंबईच्या शाळेत जाते. चार महिने शिकवलेलं बटण मूल विसरतं. नवीन शिक्षिका येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं. केंद्र बंद पडल्याची बातमी होते. हे मात्र बातमीत येत नाही.

त्यामुळे ज्यांना मदत करायची आहे त्यांनी रक्कम लहान ठेवावी, पण ती बारा महिन्यांची असावी. वरच्या तुटीला ४०० घरांचे महिना पाचशे जवळजवळ पुरेसे आहेत, दोन लाख होतात. पनवेल, तळोजा, कामोठे, उरण मिळून ४०० घरं जमवणं अवघड आहे का? एका लग्नातल्या एका वेळच्या दावतीला याहून जास्त घरं येतात. पण बँकेत मासिक कपातीची सूचना द्यावी लागेल, आणि संस्थेने दर तीन महिन्यांनी जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावावा लागेल. पगारासकट. ‘आमच्याकडे सगळे पैसे मुलांवर खर्च होतात, पगारावर नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेला खरं तर प्रश्न विचारायला हवा: मग मुलांचे पाय कोण ताणतं?

काही गोष्टी मात्र पैशांआधीच करता येतात. यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं. आई-बापांना पालकत्वाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून घ्यावा लागतो. ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, पण हा कागद फार थोड्या घरांत असतो. त्यातून या भागात जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. वारशात दिव्यांग मुलाचा वाटा इतर भावंडांसारखाच असतो आणि त्याच्या वतीने सही कोण करणार हे आधीच ठरलेलं असावं.

आणि ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिला बंधनकारक आहे. आधी ते ३ टक्के होते. हा पैसा कुठे गेला हे कोणीही गावकरी विचारू शकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. तिथे उठून उभं राहायचं आणि मागच्या वर्षी ५ टक्क्यांची रक्कम किती होती, त्यातले किती वस्तूंवर गेले आणि गावातल्या मुलांना केंद्रापर्यंत नेणाऱ्या व्हॅनच्या डिझेलसाठी त्यातून काही देता येईल का, हे विचारायचं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगायचं. जमल्यास ओट्यावरच्या दोन अम्मींना सोबत न्यावं, गावातल्या मुलांची संख्या त्यांना तोंडपाठ असते.