इंचभर शिपायाचा चेहरा

युद्धाच्या बातम्यांत माणसे आकड्यांनी येतात. इतके ठार, इतके जखमी, इतक्या तुकड्या सीमेकडे रवाना. त्या आकड्यांमागे कुणाचे नाक बाकदार होते, कुणाची बाही दंडावर फाटली होती, हे कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र असा एक छंद रुजला आहे, की त्यात माणसे सुटीची अख्खी दुपार एका शिपायाच्या फाटक्या बाहीवर खर्च करतात. शिपाई जेमतेम इंचभर उंच, ओतीव धातूचा. त्याला घेऊन टेबलावर खेळायचे असते ते युद्धच. पण त्याआधी त्याला माणूस करावे लागते, आणि या छंदाचे मर्म तिथेच आहे.

या खेळाचा उगम लष्करी. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा ‘क्रीगश्पील’ सिद्ध केला. त्यात फौजा म्हणजे लाल-निळे ठोकळे. सेनापतींना तेवढे पुरेसे होते. शिपायांना चेहरे मिळाले ते खेळण्यांच्या दुकानात. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिपाई काढले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि कडेला पापुद्रा धरला, की उरलेला झटकन बाहेर ओतून टाकायचा. धातू वाचला, किंमत उतरली आणि शिपाई साध्या घरांतही पोचले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात अशा शिपायांशी खेळण्याचे नियम दिले आणि अखेरीस खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

पुढे १९७५ मध्ये लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू झाली, १९७९ मध्ये तिच्या जोडीला धातूच्या मूर्ती ओतणारी ‘सिटाडेल’ आली आणि १९८३ च्या ‘वॉरहॅमर’ने हा खेळ जगभर नेला. आता तिथेही प्लॅस्टिकचेच राज्य आहे. तरी अनेक छोटे कारखाने अजून धातू ओततात. रबराचा गोल साचा गरगर फिरवायचा आणि मध्यभागी वितळलेला धातू सोडायचा. फिरण्याच्या जोराने तो कोटाच्या बटणापर्यंत पोचतो. त्या साच्यातून शंभर शिपाई निघाले, तर शंभरांचे उभे राहणे सारखे आणि नजरही सारखीच. छंदिष्टाचे काम इथून सुरू होते.

समजा, हाती १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईतला इंग्रज शिपाई आला आहे, बंदूक रोखून उभा असलेला. आपल्याला तो जखमी, पाण्याची बाटली पुढे करणारा हवा आहे. प्रथम त्याला साबणाच्या पाण्याने धुवायचे, साच्याच्या सांध्याची रेघ बारीक कानशीने घालवायची. मग सोनाराच्या करवतीने हात कोपराशी कापायचा. नवा हात नुसता चिकटवून भागत नाही, धातूचा भार पेलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना मिलिमीटरहून बारीक भोके पाडून त्यांत पितळी तार बसवायची. निळी आणि पिवळी अशी दोन प्रकारची लांबी एकत्र मळली, की हिरवा लगदा होतो. तो तास-दीड तास मऊ राहतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घट्ट होतो. तेवढ्या वेळात ओल्या सुईने बाहीच्या चुण्या आणि कपाळावरची पट्टी घडवायची.

त्यानंतर रंग. आधी अस्तर, मग पातळ हात एकावर एक. इतक्या लहान अंगावर खरी सावली नीट पडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते. लाल कोटाच्या घडीत काळपट तांबडा, मधे लाल, उंचवट्याच्या कडेला उजळ रेघ. आपल्याकडे गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी अखेरीस, सर्वांत कसलेल्या हाताकडून होते. इथे कित्येक जण डोळे आधीच काढून घेतात, म्हणजे चुकले तर भोवतीच्या रंगाने सावरता येते. रीत उलटी असली, तरी भावना एकच. डोळे उघडले, की तो धातूचा तुकडा राहत नाही.

या कामाला हाताची किती ओढ असते, त्याचा दाखला मायकल पेरी देतात. जुळा भाऊ ॲलन यांच्यासह ते या क्षेत्रातले नामांकित मूर्तिकार. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा देखावा सादर करताना तोफेच्या अपघातात त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकून घेतले आणि काम पुढे चालू ठेवले. खोट्या युद्धातही हात जातो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

‘हे सारे युद्धाचेच कौतुक नव्हे काय?’ असा आक्षेप रास्त आहे. या छंदाने कुणी शांततावादी होतो, असा दावा करता येणार नाही. वेल्स यांच्या पुस्तकाने १९१४ चुकवले नाही. तरी एक फरक उरतो. ठोकळा सरकवणारा तुकडी पाहतो, आणि बाहीची चुणी घडवणाऱ्याला एक माणूस पाहावा लागतो. ही नजर आपोआप येत नाही. ती हातातून डोळ्यांत आणि डोळ्यांतून मनात उतरते.

आपल्या मुलांना ती कुठे मिळावी? दिवाळीतला मातीचा किल्ला ही आपली जुनी शाळा. पण आता किल्लेही तयार मिळतात, आणि मावळ्याचा हात मोडला, की संध्याकाळपर्यंत नवा मावळा येतो. वेळ वाचतो खरा, शिकवणी मात्र बुडते. धातूच्या मूर्तींचा नाद लागलाच, तर जुन्या मूर्तींत शिसे असते हे पालकांनी ध्यानात ठेवावे. कानस मारताना धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, काम संपताच हात धुवावेत, लहानग्यांना त्यापासून दूर ठेवावे. शिशाविना ओतलेल्या मूर्तीही आता मिळतात.

धातूच हवा असेही नाही. मोडका मावळा फेकण्याआधी मुलाच्या हाती थोडी शाडू, एक तार आणि बारीक ब्रश द्यावा. हात वेडावाकडा बसेल. बसू द्यावा. त्याच हातामुळे तो मावळा बाकीच्यांतून ओळखू येईल, त्याला नाव मिळेल. ज्याने एकदा असे नाव दिले, तो मोठेपणी बातमीतला आकडा वाचताना कदाचित क्षणभर थांबेल. आजच्या दिवसांत तो क्षण थोडा नव्हे.