मधल्या पेटीचं माप

आमच्याकडे थार आली. नवीकोरी नव्हे हं! २०१३ चं मॉडेल, वापरलेली, कापडी टपाची. पावसाळ्यात शेताकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता चिखल, तिथे चारही चाकं ओढणारी गाडीच चालते, हे ह्यांचं म्हणणं. मीही नाही म्हटलं नाही. बचत गटाच्या कामासाठी मला आसपासच्या गावांना जावं लागतं, त्यामुळे घरात गाडी आली तर मला हवीच होती.

पंधराच दिवसांत बाप-लेकांना गाडीत एक मोठी उणीव दिसली. पुढच्या दोन सीटांच्या मधे काहीच नाही! ‘कन्सोल’ बसवावं लागेल, असं ठरलं. मी विचारलं, म्हणजे काय बाप्पा? तर दोन सीटांच्या मधली पेटी. वर कोपर टेकायला गादी, पुढे ग्लास ठेवायला दोन गोल खाचा, मोबाइल चार्ज करायची जागा, आत खण. झालं, दोघे शहरात गेले आणि संध्याकाळी पेटी बसवून आले. काळं रेक्झिन, लाल शिलाई, आणि कडेने निळा दिवासुद्धा! सगळी आळी बघायला आली. मलाही छान वाटली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याला बैठकीला निघाले, तेव्हा मात्र प्रश्न पडला. माझी पिशवी कुठे ठेवू?

“मागं ठेव ना,” हे म्हणाले.

मैत्रिणींनो, ती ‘काहीच नाही’ असलेली जागा खरं तर रिकामी कधीच नव्हती. तिथे माझी पिशवी असायची. पिशवीत गटाची रजिस्टरं, शिक्का, पाण्याची बाटली, टॉर्च, ओआरएसची पाकिटं, सासूबाईंच्या गोळ्या, एखादा जुना पंचा. गाडीत कुणाला उलटी झाली, कुणाचं बोट कापलं, कुणाच्या लेकराला तहान लागली, की सगळ्यांचा हात आधी त्या पिशवीकडे जायचा. पण ती जागा माझी आहे, हे कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि मीही नाही. त्यामुळे ती गेली, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे फुसकं गाऱ्हाणं वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून गप्प बसले. मग श्रावणातली ती रात्र आली.

शेजारच्या घरची सून, पहिलंच बाळंतपण. कळा रात्री अकराला सुरू झाल्या, आणि वाट बघत बसावं असं काही तिच्याकडे पाहून वाटेना. तिला थारमध्येच घेतलं. मागे समोरासमोर बाकडी असतात, त्यातल्या एकावर ती आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, समोर तिची सासू. धो धो पाऊस. वाटेत एका रपट्याच्या अलीकडे उतारावर ह्यांनी गाडी थांबवली. पाणी वरून जातंय का, ते उतरून बघायचं होतं. टॉर्च त्या पेटीत, आणि झाकणाची कडी फुगून बसलेली. दोन मिनिटं त्यातच गेली. शेवटी इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, मोबाइलच्या उजेडात हे खाली उतरले.

आणि गाडी हळूच पुढे सरकायला लागली. पाण्याच्या दिशेने.

फार नाही, दोन-तीन हातच. मी ओरडले, ह्यांनी धावत येऊन पायाने ब्रेक दाबला. शेजारच्या काकूंनी भर पावसात उतरून चाकाखाली दगड लावला. आम्ही तुमसरला पोहोचलो, पहाटे मुलगी झाली, मायलेकी ठणठणीत आहेत. पण ते दोन-तीन हात आजही माझ्या पोटात गोळा आणतात.

सकाळी गाडीत वाकून पाहिलं. हँडब्रेकचा दांडा वर ओढला की पूर्ण चढण्याआधीच पेटीच्या गादीच्या कडेला टेकत होता. सपाट रस्त्यावर तेवढ्याने भागत होतं, उतारावर भागलं नाही. आणखी पाहिलं तर दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला, म्हणजे दांडा मागे येतो तेव्हा, मूठ पेटीवर आपटत होती. पेटी बसवायला खालचा पत्रा आरपार भोसकलेला, त्यातून पाणी वर येऊन गंजाला सुरुवात. निळ्या दिव्याची वायर नुसत्या चिकटपट्टीने जोडलेली, मधे फ्यूज नाही.

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्याला जे सांगितलं, ते त्याने बनवलं. “ग्लास बसला पाहिजे, मोबाइल बसला पाहिजे.” दोन्ही अगदी नीट बसत होते. गाडीत आणखी कोण बसतं, काय घेऊन बसतं, उतारावर गाडी उभी करायची वेळ येते का, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कारण ज्यांना ते माहीत होतं, त्या आम्ही बायका घरी होतो.

मला याचं फारसं नवल वाटत नाही. जीप जन्मली १९४१ च्या सुमारास, युद्धासाठी. त्या मूळ जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली आणि हत्यारांचे कप्पे मागच्या चाकांच्या बाजूला. लोखंडाच्या पान्यालासुद्धा स्वतःचं घर होतं! १९४७ पासून महिंद्रांनी ती आपल्याकडे जुळवायला घेतली, आणि पुढे शेतं, जंगलं, खाणी, सरकारी दौरे सगळीकडे ती फिरली. आमच्या भागात तर लग्नाची वरातही तिच्यातून गेली. माणसं कोंबून बसली, पण बाईच्या मांडीवरचं लेकरू आणि पायाजवळचा डबा तिथेच राहिला. थार २०१० मध्ये आली, तिनेही हे वळण पुष्कळसं चालवलं. २०२० च्या नव्या थारमध्ये मात्र कंपनीनेच मधे ग्लास ठेवायची सोय दिली. पुन्हा ग्लासच!

याउलट एक गोष्ट सांगते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने २००४ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात एक नमुना-गाडी ठेवली होती. तिचे सगळे निर्णय बायकांच्या गटाने घेतले होते. त्यांनी काय केलं असेल? गिअरचा दांडा आणि हँडब्रेक दोन सीटांच्या मधून हलवले आणि ती जागा मोकळी केली. तिथे वर किल्ल्या, मोबाइल, सुट्टे पैसे ठेवायला उथळ कप्पा, तो मागे सरकवला की खाली खोल कप्पा, हातातली पर्स मावेल एवढा. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. कुठे स्वीडन, कुठे बपेरा, आणि पिशवी ठेवायची अडचण मात्र एकच! ती गाडी कधी बाजारात आली नाही, हेही खरं.

आमची पहिली पेटी काढायची म्हटल्यावर घरात वाद झाला. “साडेसहा हजार घातले, आता काढायची?” मी म्हटलं, काढायची. त्या रात्री काकूंना दगड सापडला नसता तर?

दुसरी पेटी गावच्या सुताराने केली. गडी हुशार. फळी कापायच्या आधी म्हणाला, “वहिनीबाई, पयले पुठ्ठ्याची करून पाहू.” टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून अख्खी पेटी बनवली आणि आठ दिवस तशीच गाडीत ठेवली. त्या आठ दिवसांत काय काय कळलं! हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढायला त्या बाजूने खोलगट कापावं लागलं. दोन्ही दांडे, गिअरचा आणि फोर-बाय-फोरचा, सगळ्या जागी फिरवून मुठीभोवती चार बोटं मोकळी ठेवली. उंची ह्यांच्या कोपराने ठरवली असती तर माझा खांदा अवघडला असता, म्हणून दीड इंच कमी केली. सासूबाईंनाही बसवून पाहिलं. त्यांना गादी नको होती, उतरताना धरायला कड हवी होती. हे तर मलाही सुचलं नव्हतं.

मग प्लायची पेटी झाली, आतून लोखंडी पट्ट्या. पत्र्याला नवीन भोक एकही नाही, सीटच्या मूळ बोल्टांनाच पट्ट्या कसल्या, खाली रबरी वायसर. जुनी भोकं वेल्डिंगवाल्याने बुजवली. चार्जिंगच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज. खाली गिअरबॉक्स तापतो, म्हणून तळाला जाड नमदा टाकला, तरी औषधं तळाशी ठेवायची नाहीत, ती वरच्या कप्प्यात. झाकणाला घट्ट कडी, कारण खड्ड्यात उघडलेलं झाकण गुडघा फोडतं. आणि टॉर्च पेटीत नाहीच. ती मागच्या बाजूला, बाहेरून, दोन पट्ट्यांत खोचलेली, म्हणजे मागे बसलेल्या बाईचाही हात पोहोचतो.

कायद्याचंही विचारून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदावर असलेली गाडीची मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडकपणे सांगितलंय. सीट काढून पेटी बसवणं म्हणूनच नको. काहीजण मागचं बाकडं काढून सामानाचं कपाट करतात, त्यांनी दहादा विचार करावा.

काही जणी म्हणतील, गाडीतलं आपल्याला काय कळतं? अगं, आपल्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा मिस्त्रीच्या कमरेच्या मापाने होतो आणि पाठ जन्मभर आपली दुखते. तेव्हाही आपण “तुम्हाला कळतं तसं करा” असंच म्हटलेलं असतं. मला गाडी चालवता येत नाही. पण तिच्यात कोण, कधी, काय घेऊन बसतं, हे मला चांगलं कळतं. ते सांगायला लायसन लागत नाही. मी आधी बोलले असते, तर ती रात्र कदाचित वेगळी गेली असती. तेव्हा गप्प बसल्याचा थोडा दोष माझ्याकडेही घेते.

निळा दिवा मुलाने हट्टाने ठेवून घेतलाय. असू दे, रात्री आतलं दिसतं तरी! ह्यांचा ग्लासही ठेवलाय, एकच.

पुठ्ठ्याची पेटी मी टाकली नव्हती. मागच्या महिन्यात गटातली एकजण ती मागायला आली. तिच्या घरी जुनी जीप आहे आणि मालक ‘कन्सोल’चं मनावर घेऊन बसलाय. चार दिवसांनी बघायला गेले, तर तिने पुठ्ठ्यावर पेन्सिलीने स्वतःच्या खुणा केल्या होत्या. एका बाजूला दुधाच्या कॅनची गोल जागा आणि खाली लिहिलेलं, “इथं कापू नका.”